दोन ग्राफिक्स कार्डे आणि एक प्रोसेसर

धान्याच्या व्यापाऱ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु बेळगाव-निपाणी परिसरातील आपल्या किती घरांतून मुलांसाठी लाख-दीड लाखाचा लॅपटॉप घेतला गेला, याचा ज्याने त्याने आपल्याशीच हिशेब करावा. बेळगावास विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले; आपली मुले तेथील अथवा कोल्हापूर-पुण्याच्या महाविद्यालयांत शिकतात आणि बहुधा खेळासाठी बनविलेला लॅपटॉपच मागतात. त्यातील ग्राफिक्स कार्ड अभ्यासाच्या आराखड्यांसही उपयोगी पडते, हे खरे आहे. मात्र विकणारा 'यात दोन कार्डे आहेत' असे म्हणताच, एरवी पोते टोचून दाणा हातावर घेतल्याशिवाय भाव न बोलणारे आपण, दोन म्हणजे दुप्पट असे समजून मोकळे होतो.

आडत दुकानाचेच उदाहरण घेऊ. प्रोसेसर हा दिवाणजी आणि ग्राफिक्स कार्ड ही हमालांची टोळी समजावी. पडद्यावरील प्रत्येक चित्रात कोणती वस्तू कोठे आहे, कोण हलले, याचा निर्णय करून प्रोसेसर चिठ्ठी लिहितो. ती घेऊन कार्ड एकेक ठिपका रंगविते. एका सेकंदात ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रास सेकंदाचे सुमारे १६.७ सहस्रांश मिळतात. आता एका चिठ्ठीस प्रोसेसरला १० सहस्रांश लागत असतील, तर सेकंदाला १०० हून अधिक चित्रे निघणार नाहीत. मग खाली कार्ड एक असो वा दोन. दिवाणजीची लेखणी जेवढी चालेल तेवढीच पोती गाडीत चढतील.

उलट पडदा मोठा झाला की भार हमालांवर येतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. चिठ्ठी मात्र जवळजवळ तीच राहते. तात्पर्य, दुसऱ्या कार्डाचा लाभ असलाच तर मोठ्या पडद्यावर. लहान पडद्यावर अतिवेगाने चित्रे हवी असतील, तर पैसा प्रोसेसरवर घालावा.

एनव्हिडिया कंपनीने २००४ साली दोन कार्डे जोडण्याची 'एसएलआय' पद्धत आणली. तिच्या नेहमीच्या रीतीत विषम क्रमांकाची चित्रे एका कार्डाने व सम क्रमांकाची दुसऱ्याने काढावयाची. पुढे खेळांची रचना अशी बदलली की, नवे चित्र काढताना मागील चित्राचा आधार घ्यावा लागे. साहजिकच एका टोळीस दुसरीची वाट पाहत बसावे लागले. शिवाय दोन्ही कार्डांवर ८-८ जीबी मेमरी असली तरी ती १६ होत नाही, कारण एकच खतावणी दोन्हीकडे उतरून ठेवावी लागते. प्रोसेसरकडून कार्डाकडे जाणाऱ्या १६ वाटाही त्या काळच्या लॅपटॉपमध्ये आठ-आठ अशा वाटल्या जात.

एसर कंपनीचा 'प्रिडेटर २१ एक्स' भारतात २०१७ च्या डिसेंबरात ६,९९,९९९ रुपयांस विक्रीस आला. (सात लाखांतील तो एक रुपया का सोडला, हे विकणाऱ्यासच ठाऊक.) वजन सुमारे साडेआठ किलो, कार्डे 'जीटीएक्स १०८०' ची दोन, प्रोसेसर 'कोअर आय-७ ७८२० एचके'. परंतु पडदा २५६० गुणिले १०८०, म्हणजे अवघे २७.६ लाख ठिपके, आणि वेग सेकंदाला १२० चित्रांचा. माझ्या मते येथे हमालांची रेलचेल झाली आणि ताण पडला तो दिवाणजीवर.

अनेक कार्डे व्यर्थच असतात, असे मात्र नव्हे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० च्या नोव्हेंबरात जगाच्या यादीत ६३ वा आला. त्याच्या प्रत्येक यंत्रात आठ कार्डांमागे दोनच प्रोसेसर आहेत. तेथील गणित आधीच मोठमोठ्या हिश्श्यांत वाटून देता येते. खेळासारखी क्षणाक्षणाला नवी चिठ्ठी मागितली जात नाही. जोडी कामावरून ठरते, ती अशी.

एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी जुळणी देणे थांबविले. त्यामुळे आज दुकानदार 'दोन ग्राफिक्स' म्हणतो, तेव्हा बहुधा एक प्रोसेसरच्या पोटातील लहानसे व दुसरे स्वतंत्र, असा अर्थ असतो. ही दोन्ही मिळून दुप्पट काम करीत नाहीत. वीज वाचविण्यासाठी हलके काम लहान्याकडे जाते, इतकेच. अशा खरेदीत प्रोसेसरच्या नावाअखेरचे अक्षर पाहावे. इंटेलचे 'यू' हे बहुधा १५ वॅटच्या बेताचे, 'एच' ४५ चे आणि 'एचएक्स' ५५ चे. 'यू' प्रोसेसरला जबर कार्ड जोडलेले दिसल्यास किंमत कशाची देत आहोत, हे विचारावे.

जुना दोन कार्डांचा लॅपटॉप कोणी स्वस्तात देऊ केला, तर त्याचे दोन्ही अडॅप्टर मागून घ्यावेत. वर सांगितलेल्या कार्डांपैकी प्रत्येकास सुमारे १५० वॅट आणि प्रोसेसरला ४५, म्हणजे पडदा व पंखे सोडूनच ३४५ वॅट झाले. आणि अडॅप्टर एकेक ३३० चा. त्यांतील एक हरवलेला असेल, तर दोन्ही कार्डांस एकदम पुरी वीज मिळावयाची नाही.