‘+=’ ची बदनामी

2001 साली इंटरनेट एक्सप्लोरर 6 आलं आणि विंडोज एक्सपीच्या जोडीने घराघरांत, कचेऱ्यांत ठाण मांडून बसलं. तेव्हा जावास्क्रिप्टकडे किरकोळ कामं असत: फॉर्म तपासायचा, माऊस नेला की चित्र बदलायचं. स्ट्रिंग जोडायला वेळ किती लागतो, याची फिकीर करायची वेळच येत नव्हती. ती आणली 2004च्या जीमेलने आणि पाठोपाठ आलेल्या अजॅक्सच्या लाटेने. सर्व्हरकडून नुसता डेटा यायचा, टेबल ब्राउझरमध्येच रचायचा. हजारो ओळींचं एचटीएमएल लूपमध्ये += ने जोडत न्यायचं आणि शेवटी एकदम इनर-एचटीएमएलच्या हवाली करायचं, ही रूढ पद्धत झाली. एक्सप्लोररमध्ये पान गोठायचं ते इथेच.

जावास्क्रिप्टमध्ये एकदा बनलेली स्ट्रिंग बदलता येत नाही. शेवटी तुकडा जोडायचा तर नवी स्ट्रिंग बनवावी लागते, आणि एक्सप्लोररचं जेस्क्रिप्ट इंजिन हे शब्दशः करायचं. खतावणीत एक नोंद वाढली की अख्खी खतावणी नव्या वहीत उतरवून काढावी तसं. दहा अक्षरांचे 10,000 तुकडे जोडले, तर हाती येते एक लाख अक्षरांची स्ट्रिंग; पण वाटेत उतरवलेली अक्षरं भरतात सुमारे 50 कोटी. तुकडे दुप्पट, तर काम चौपट. त्यात ‘ही स्क्रिप्ट थांबवू का?’ असं विचारणारी एक्सप्लोररची खिडकी वेळ मोजतच नसे. ती चाललेली विधानं मोजायची आणि 50 लाख झाली की उघडायची. इथे विधानं थोडी, खर्च सगळा आतल्या नकलांचा. म्हणजे इशाराही नाही.

तोडगा जावाच्या स्ट्रिंगबफरच्या वळणाचा होता. तुकडे ॲरेत पुश करत जायचे आणि शेवटी एकदाच जॉइन. एक्सप्लोररमध्ये याने खरोखर जादू झाली, आणि += लिहिणारा अडाणी ठरू लागला. फायरफॉक्समध्ये साधा += बरेचदा या युक्तीहून वेगवान होता, पण तो सल्ला देताना ही अट कोण सांगत बसणार? बारकावे तर त्याहून विचित्र. एकाच ओळीत दोन तुकडे जोडायचे असतील, तर फायरफॉक्समध्ये ते एकेक करून मूळ स्ट्रिंगला जोडणं स्वस्त पडायचं. एक्सप्लोरर 7 मध्ये आधी दोन्ही छोटे तुकडे आपसात जोडणं. एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करायचं.

खरा बदल इंजिनांच्या पोटात झाला. सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आलं. त्याचं व्ही8 इंजिन मोठ्या स्ट्रिंगा जोडताना अक्षरं हलवतच नाही. डावा भाग इथे, उजवा तिथे, एवढी नोंद ठेवतं. जोड 13 अक्षरांहून लहान असेल तरच सरळ नक्कल. सलग मजकुराची खरोखर गरज पडली, की सगळं एकदा सपाट केलं जातं. ही रचना नवी नव्हती. बोम, ॲटकिन्सन आणि प्लास यांनी 1995 मध्येच ‘रोप’ या नावाने तिच्यावर निबंध लिहिला होता. मार्च 2009 मध्ये आलेलं एक्सप्लोरर 8 देखील तुकड्यांचे संदर्भ साठवून जोडणी लांबणीवर टाकू लागलं.

त्याच वर्षी गुगलने खुल्या केलेल्या क्लोजर लायब्ररीत या संक्रमणाची खूण दिसते. तिच्या स्ट्रिंगबफरच्या आत दोन वाटा होत्या: जेस्क्रिप्ट असेल तर ॲरे, नाहीतर सरळ +=. पुढे ॲरेची वाट काढून टाकली गेली. नाव स्ट्रिंगबफर, आत नुसता +=. माझ्या मते हा या सगळ्या काळाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे, कारण सल्ले मात्र इतक्या लवकर बदलले नाहीत. जॉइनचा मंत्र त्याचं कारण संपल्यावरही वर्षानुवर्षं जपला गेला. 2015 मध्ये टेम्प्लेट स्ट्रिंग आल्या आणि लिहिण्याची कटकट कमी झाली. वेगाचा प्रश्न त्याआधीच निवळला होता.

आता तक्रार असते ती मेमरीची. इंग्रजी मजकुराला व्ही8 दर अक्षरामागे एक बाइट देतं. त्यात देवनागरीचं एकच अक्षर आलं, की सपाट केलेली सगळी स्ट्रिंग दोन बाइटांवर जाते. शिवाय मोठ्या मजकुरातून 13 किंवा जास्त अक्षरांचा तुकडा कापला, तर तो मूळ मजकुराकडे बोट दाखवत राहतो. तो तुकडा जपून ठेवला, की अख्खा मजकूर मेमरीत अडकतो. त्याची स्वतंत्र नक्कल करवून घ्यायला भाषेत सरळ सोय नाही, म्हणून त्यासाठीही इंजिनाला चकवणाऱ्या युक्त्या लढवल्या जातात.