पंख्याची कडी पाहिलीत का?

भाईंदर पूर्वेच्या गोडदेव भागात जुन्या तीन-चार मजली इमारती अजून आहेत. तिथे पंखा घरघरला की दोष बेअरिंगला. वरच्या कडीकडे कुणी बघत नाही.

ही कडी म्हणजे स्लॅब भरताना सळयांत अडकवलेला वाकवलेला गज. खाडी जवळ, हवा खारट. क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरतात, लोखंड गंजतं आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. तो आतून रेटा देतो, स्लॅबचे पोपडे सुटतात. वर रंगाचा हात मारला की सगळं झाकलं जातं, हे तर आणखी वाईट.

नवा पंखा लावण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून वाटी खाली घ्या. कडीचे पापुद्रे निघतात का, बोल्टने घासून तिला खाच पडली आहे का, पाहा. बोल्टातल्या पिनेची दोन्ही टोकं फाकवलेली हवीत. पाती जमिनीपासून किमान २.४ मीटरवर. स्लॅबच पोकळ वाजत असेल तर फास्टनर ठोकणं व्यर्थ. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. महापालिका कायद्याने ३० वर्षांवरच्या इमारतींना ते सक्तीचंच आहे.