पाठ टेकली की ताशी १४४

सप्टेंबर २०१६. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात बॅटल माउंटन गावाजवळच्या हमरस्त्यावर कॅनडाच्या टॉड रायकर्टने ताशी १४४.१७ किलोमीटर वेगाने सायकल हाणली. मोजणीचे २०० मीटर जेमतेम पाच सेकंदांत संपले. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारीलासुद्धा १०० च्या वर जायची मुभा नाही. इथे मोटर नव्हतीच. होते फक्त दोन पाय. गडी बंद कवचात जवळजवळ उताणा पडला होता आणि रस्ता कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होता.

हे रेलून चालवायचे वेड जुने आहे. पॅरिसमध्ये ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या दुय्यम श्रेणीच्या शर्यतपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर, म्हणजे रिकम्बंटवर, तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासूनचा ४४.२४७ चा विक्रम मोडला. दिग्गजांची पंचाईत झाली. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली, की आडव्या सायकली शर्यतीतून बाद!

आडवे झाल्यावर वेग का वाढतो? खोड वाऱ्याची आहे. वेग दुप्पट केला, की वाऱ्याशी झुंजायला आठपट ताकद लागते. ताशी ३० ला ताठ बसलेला माणूस नुसत्या वाऱ्यावर सुमारे २०० वॅट उधळतो. आडव्याचे ९० च्या आत भागते.

पण तुम्हाला-मला विक्रम करायचा नाही, बूड दुखायला नको आहे. ढोबळ हिशेब करू. ७० किलोच्या माणसाचे ४० किलो साध्या सीटवर येतात आणि टेकायला जागा २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २०० ग्रॅम. सेमी-रिकम्बंटमध्ये, म्हणजे साधी आणि आडवी यांच्या मधल्या सायकलमध्ये, हातांवर भार नसतो, म्हणून सीटवर ५५ किलो धरा; पण सीट रुंद, ५०० ची, म्हणजे ११० ग्रॅम. पूर्ण रिकम्बंटमध्ये पाठही टेकते. ६० किलो १५०० वर पसरतात: फक्त ४० ग्रॅम!

मग रिकम्बंटच घ्यावी? थांबा. चढावर पेडलवर उभे राहून जोर लावता येत नाही. डोके मोटारीच्या खिडकीच्या पातळीला, म्हणजे ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार कसे? तोल शिकण्यात दिवस जातात, आणि जिन्यातून ती लांबलचक वस्तू वर न्यायची हौस पहिल्याच दिवशी फिटते.

सेमीमध्ये पेडल सीटच्या थोडे पुढे असते. त्यामुळे सीट खाली येते, सिग्नलला दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात आणि मान सरळ राहते. वाऱ्याचा फायदा मात्र जवळपास शून्य. रोज पाच-दहा किलोमीटर, तेही रहदारीतून, जायचे असेल तर सेमीच घ्या. रिकामा, सपाट, लांब रस्ता हाताशी असेल, तरच पूर्ण आडवे व्हा.