सुईआधी गाठीची ओळख पटू द्या

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘लिव्हरमध्ये गाठ’ असे शब्द दिसले की कुंडल-पलूस भागातल्या घरात पहिली भीती कॅन्सरची असते आणि पहिला आग्रह ‘तुकडा काढून तपासा’ असा. पण यकृतातल्या बऱ्याच गाठी चित्रांवरूनच ओळखता येतात. काहींना तर ओळख पटण्याआधी सुई लावणे धोक्याचे असते.

त्यातली एक म्हणजे हायडॅटिड. माण, खटाव, आटपाडीकडचे कळप कृष्णाकाठी उतरतात, शेतात मेंढ्या बसतात, सोबत कुत्रीही असतात. कापलेल्या मेंढीचे दूषित काळीज-फुप्फुस कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा पट्टकृमी वाढतो. विष्ठेतली अंडी हात, पाणी, पालेभाजी यांतून माणसाच्या पोटात जातात. आतड्यातले रक्त आधी यकृतात येते, म्हणून पाण्याची ही गाठ बहुधा तिथेच वाढते, तीही वर्षानुवर्षे न दुखता.

सोनोग्राफीत तिची दुहेरी भिंत दिसते. कधी आत लहान पिल्लगाठी दिसतात, कधी सुटलेला पापुद्रा पाण्यात तरंगताना दिसतो. अमीबाने झालेल्या गळूतला पू गरज पडल्यास सुईने काढतात. हायडॅटिडला त्याच समजुतीने टोचले, तर पाणी पोटात सांडून जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि नव्या गाठी रुजू शकतात. म्हणून ठरावीक अवस्थेतच, अल्बेंडाझोल या कृमिनाशक औषधाच्या संरक्षणात आणि पूर्ण तयारीने सुई वापरतात. पूर्ण कॅल्शियम साचलेल्या, त्रास न देणाऱ्या गाठीवर बहुधा नुसते लक्ष ठेवतात.

घन गाठीसाठी सीटी किंवा एमआरआय लागतो. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, उरलेले धमनीतून. यकृताचा स्वतःचा कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीवर पोसतो. त्यामुळे कॉन्ट्रास्ट दिल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटाने तो उजळतो आणि नंतर भोवतीच्या यकृतापेक्षा काळवंडतो. सिरॉसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर बहुधा तुकडाही काढावा लागत नाही. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, हिमँजिओमा, कडेने ठिपक्यांत उजळून सावकाश मध्यापर्यंत भरते.

मिरज किंवा कराडला जाताना जुन्या फिल्म सोबत न्या. मेंढ्या-कुत्र्यांचा सहवास, दारू, कावीळ, ताप यांतले काही लपवू नका, कारण चित्राचा अर्थ त्यावरून लागतो. आणि जत्रेत बकरे कापल्यावर आतले अवयव कुत्र्यांपुढे टाकू नका, खोल पुरा.