म्हातारपणीची विसर: कान आणि बीपीकडे दुर्लक्ष महागात पडू शकतं

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे वयाचं झालं. पण रोजच्या पायवाटेवरून घर सापडेना, जेवून उठल्यावर "मला कोणी वाढलंच नाही" म्हणणं, ओळखीच्या नोटा मोजता न येणं, हा नुसता विसरभोळेपणा नाही. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया असू शकतो. आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय तिथेच संपवतात आणि पेशंट डॉक्टरपर्यंत पोचतच नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे शंभरात सात जण. शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत आणि शिक्षण कमी मिळालेल्यांत प्रमाण जास्त.

वय आणि रक्तातून आलेला धोका आपल्या हातात नाही. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येतील अशी १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू शकतात किंवा लांबू शकतात, असं त्यांचं गणित आहे.

त्यात वरच्या क्रमांकावर ऐकू कमी येणं आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. कानावर कमी पडलं की मेंदूला कमी काम मिळतं. शिवाय माणूस पारावर बसणं सोडतो, लग्नकार्यात कोपरा धरतो. हा एकटेपणाही त्या १४ मध्ये आहेच. अमेरिकेत २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत, आधीच जास्त धोका असलेल्या वृद्धांनी तीन वर्षं श्रवणयंत्र वापरलं, तेव्हा त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. धडधाकट असलेल्यांत मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही. आपल्याकडे यंत्र आणलं तरी ते डबीतच राहतं. "लोक काय म्हणतील" हे त्याचं कारण.

दुसरं म्हणजे बीपी. धोका तयार होतो तो चाळिशी-पन्नाशीत. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणारे गावोगाव आहेत, अन् हंगामात तर गोळीची आठवणच राहत नाही. साखर, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, दारूचा अतिरेक, हालचाल नसणं, उपचार न केलेलं नैराश्य, हवेतलं प्रदूषण हेही यादीत आहेत. डोक्याला मार लागणंही आहे, म्हणून हेल्मेट फक्त पोलिसांसाठी नाही. नजर जाणं हे २०२४ मध्ये नव्याने जोडलं गेलं. मोतीबिंदू "पिकू द्या" म्हणत वर्षं घालवू नयेत.

शाळा हुकलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. हैदराबादच्या २०१३ च्या अभ्यासात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, अगदी निरक्षरांतही.

बाजारात मिळणाऱ्या "स्मरणशक्तीच्या" बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. धोका कमी करण्यासाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइड असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्यामुळे आलेली विसर उपचाराने सुधारू शकते. त्यासाठी आधी रक्त तपासावं लागतं. बीपी आणि साखरेची तपासणी तीस वर्षांवरच्यांसाठी उपकेंद्रात मोफत होते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.