न वापरलेल्या विजेचा भाव

विजेची टंचाई असताना किंवा बाजारातला भाव चढलेला असताना ग्राहकाने ठरवून आपला वापर कमी करणे, अथवा तो काही तास पुढेमागे सरकवणे आणि त्याबद्दल मोबदला घेणे, याला मागणी प्रतिसाद म्हणतात. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. टंचाईच्या क्षणी एक युनिट जास्त निर्माण केले काय किंवा एक युनिट कमी वापरले काय, ग्रिडचा तोल साधायला दोन्ही सारखेच उपयोगी पडतात. मग निर्माण करणाऱ्याला पैसे मिळत असतील, तर वापर थांबवणाऱ्यालाही मिळायला हवेत.

हा तोल क्षणाक्षणाला सांभाळावा लागतो, कारण विजेचा फार मोठा साठा करता येत नाही. मागणी आणि पुरवठा जुळलेले असले की ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या जवळ राहते. भारतात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा दंडक आहे. मागणी वाढली की वारंवारता खाली येते. अशा वेळी आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे भारनियमन, म्हणजे सरळ फीडर बंद करणे. भारनियमनात ग्राहकाला कोणी विचारत नाही आणि त्याच्या गैरसोयीची भरपाईही होत नाही. मागणी प्रतिसादात ग्राहकाची संमती, मोजमाप आणि मोबदला या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात. यातली एक जरी वगळली, तरी ते नव्या नावाचे भारनियमनच ठरते.

अर्ध्या तासाचा बाजार

भारतात विजेचा रिअल टाइम बाजार १ जून २०२० रोजी सुरू झाला. त्याआधी वीज एक्स्चेंजवरची मुख्य खरेदी-विक्री उद्याच्या विजेसाठी आजच होत असे. नव्या बाजारात दिवसातून ४८ वेळा, म्हणजे दर अर्ध्या तासाला लिलाव होतो. संध्याकाळी ७ ते ७.३० या वेळेची वीज हवी असेल, तर वितरण कंपनी पावणेसहा ते सहा या पंधरा मिनिटांत आपली बोली लावते. सहाला बोली बंद होते, मागणी आणि पुरवठ्याचे आकडे जुळवले जातात आणि एक भाव ठरतो. बोली बंद झाल्यापासून बरोबर एका तासाने वीज वाहू लागते. प्रत्येक अर्ध्या तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो.

भाव ठरवणारी वीज नेहमी शेवटची असते. स्वस्त वीज आधी घेतली जाते, मग महाग. शेवटी घ्याव्या लागलेल्या मेगावॅटचा जो दर, तोच सगळ्यांना लागू होतो. दुपारी सौरऊर्जा भरपूर असताना भाव उतरतो. सूर्य मावळतो, त्याच सुमारास घरोघरचे दिवे, पंखे आणि एसी सुरू होतात आणि भाव झपाट्याने चढतो. टंचाईच्या दिवसांत तो नियामक आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये घातलेल्या युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. अशा वेळी मागणी थोडी जरी घटली, तरी सर्वांत महाग वीज घ्यावी लागत नाही आणि सगळ्याच खरेदीचा भाव उतरतो. एकाने बंद केलेल्या यंत्राचा लाभ अशा रीतीने सर्वांपर्यंत पोहोचतो.

मोबदला किती द्यावा

वाचवलेल्या युनिटला घाऊक बाजाराचा पूर्ण भाव द्यावा का, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने मार्च २०११ मध्ये आपल्या ७४५ क्रमांकाच्या आदेशाने पूर्ण भाव देण्याचे ठरवले. वापर घटल्याने इतर ग्राहकांचा होणारा फायदा हा दिलेल्या मोबदल्यापेक्षा जास्त असला पाहिजे, एवढी अट त्यात होती. अर्थतज्ज्ञ विल्यम होगन यांचा त्याला आक्षेप होता. वापर कमी केला की ग्राहकाचे बिल तसेही कमी होते, त्यावर पूर्ण भावही दिला तर ते दुहेरी देणे होते, म्हणून बाजारभावातून बिलाचा दर वजा करूनच मोबदला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. आल्फ्रेड कान यांच्यासारखा तितकाच मान्यवर अर्थतज्ज्ञ आयोगाच्या बाजूने होता. प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी आदेश कायम ठेवला.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. निर्माण झालेली वीज मीटरवर दिसते, पण न वापरलेली वीज कोणत्याच मीटरवर दिसत नाही. ग्राहकाने एरवी किती वीज वापरली असती, याचा अंदाज करावा लागतो. त्याला आधाररेषा म्हणता येईल. अमेरिकेतील पीजेएम या मोठ्या बाजारात कामकाजाच्या दिवसांसाठी एक सर्वमान्य रीत आहे. मागच्या पाच दिवसांपैकी जास्त वापराचे चार दिवस घेऊन त्यांची सरासरी काढतात. या अंदाजातच लबाडीला वाव असतो. मेन राज्यातील कागद गिरण्यांवर आयोगाने २०१२ मध्ये ठपका ठेवला, तो याच कारणासाठी. आधाररेषा ठरण्याच्या दिवसांत आपले स्वतःचे जनित्र मुद्दाम कमी चालवून ग्रिडची वीज जास्त घ्यायची आणि नंतर जनित्र पूर्ववत चालवून तेवढी बचत दाखवायची, असा तो प्रकार होता.

भारतातली स्थिती

भारताच्या रिअल टाइम बाजारात मागणी प्रतिसाद अजून आडवाटेने येतो. वितरण कंपनी किंवा मोठा उद्योग आपला वापर घटवून खरेदीची बोली लहान करू शकतो. वाचवलेले युनिट विक्रीला मांडण्याची सोय मात्र ऊर्जा बाजारात नाही. भारताच्या केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२ च्या पूरक सेवा नियमांनी एक दार उघडले. वारंवारता सावरण्याच्या दुय्यम सेवेत वीज केंद्रांच्या बरोबरीने मागणी घटवू शकणाऱ्यांनाही स्थान मिळाले. त्यासाठी किमान १ मेगावॅटचा प्रतिसाद देता आला पाहिजे. तो एकट्याने किंवा अनेकांनी मिळून दिला तरी चालतो.

वितरण कंपनीच्या पातळीवरचा अनुभव मुंबईत आहे. टाटा पॉवरने तिथे २०१२ मध्ये मोठ्या ग्राहकांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या नव्या रूपात सुमारे ६ हजार व्यापारी व औद्योगिक ग्राहक आणि ५५ हजार घरे सामील करून पहिल्या सहा महिन्यांत ७५ मेगावॅट मागणी घटवण्याचे उद्दिष्ट होते. शहरात हे तुलनेने सोपे जाते, कारण एका मोठ्या इमारतीचे एसी दोन अंशांनी वर नेले तरी लक्षात येण्याजोगा फरक पडतो.

चिरगावचा हिशेब

खेड्यात हिशेब वेगळा होतो. झाशी-कानपूर रस्त्यावरचे चिरगाव हे हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त यांचे गाव. जवळच बेतवा नदीवर परिछाचे धरण आणि औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे २१० मेगावॅटचे दोन आणि २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. बुंदेलखंडात पाऊस बेभरवशाचा आहे, आणि कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नाही तिथला रब्बी हंगाम विहिरी आणि बोअरवरच्या पंपांवर चालतो.

५ अश्वशक्तीचा पंप साधारण ४ किलोवॅट वीज घेतो, म्हणजे पंधरा मिनिटांत एक युनिट. असे २५० पंप एकाच वेळी थांबले की १ मेगावॅट होतो. पूरक सेवेची किमान अट तेवढीच आहे. एक्स्चेंजवरची किमान बोली ०.१ मेगावॅटची असते. तिला २५ पंप पुरतात. भाव १० रुपयांना भिडलेला असेल, तर एका पंपाच्या पंधरा मिनिटांची किंमत १० रुपये, आणि संध्याकाळच्या चार तासांची १६० रुपये होते. भाव नेहमीच एवढा चढत नाही, पण तो चढतो त्याच दिवसांत ही बचत मोलाची असते.

पिकाचे काय? गव्हाचे पहिले पाणी पेरणीनंतर वीस ते पंचवीस दिवसांत, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत द्यावे लागते. हा काही दिवसांचा अवधी असतो. त्यात संध्याकाळचे चार तास दुसऱ्या दिवशी दुपारी सरकवले तर पिकाचे नुकसान होत नाही. उलट दुपारची वीज स्वस्त, आणि शेतकऱ्यावर रात्री अंधारात पाणी धरायला जाण्याची पाळी येत नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची दिवसा वीज देण्याची जुनी मागणी इथे ग्रिडच्या गरजेशी नेमकी जुळते.

अडचण आहे ती पैशाची. उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांच्या खासगी नलकूपांना वीजबिलात ठरावीक मर्यादेपर्यंत पूर्ण सूट आहे. बिलच नाही, तर पंप बंद ठेवून शेतकऱ्याचे वाचते काय? नुसते दर बदलून त्याच्यापर्यंत कोणताही संदेश पोहोचत नाही. म्हणून त्याला मोबदला स्वतंत्रपणे, रोख मिळाला पाहिजे. होगन यांचा आक्षेपही इथे गळून पडतो. बाजारभावातून बिलाचा दर वजा करायचा, आणि तो दर शून्य असेल, तर उरतो पूर्ण बाजारभाव.

याच्या जवळ जाणारा प्रयोग पंजाबने २०१८ मध्ये केला. ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ या योजनेत कृषिपंपांना मीटर बसवून विजेचा कोटा ठरवून देण्यात आला. कोट्यातल्या न वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे ४ रुपये शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची सोय होती. योजना भूजल वाचवण्यासाठी होती आणि तिचा दर बाजाराप्रमाणे हलत नव्हता. पण आधाररेषेचा प्रश्न तिने कोटा ठरवून सोडवला. पंप मुद्दाम जास्त चालवून आधाररेषा फुगवण्याचा मार्गच त्यात उरत नाही.

जागेचेही महत्त्व

वीज किती वाचली याइतकेच ती कुठे वाचली हे महत्त्वाचे असते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळले. दोन्ही वेळा सुरुवात ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर झाली. रेल्वेच्या नकाशावर याच दोन शहरांच्या मधे झाशी येते. उत्तरेतील राज्यांची उचल वाढली होती, पश्चिमेकडून येणाऱ्या वाहिन्यांवर ताण होता आणि वाहिनी सुटताच भार दुसरीकडे वळत गेला. दुसऱ्या दिवशी तीन प्रादेशिक ग्रिड बंद पडली आणि सुमारे ६० कोटी लोकांना फटका बसला. अशा प्रसंगी ताणाखालच्या वाहिनीच्या घेणाऱ्या टोकाला काही मिनिटांत घटवलेली मागणी दूरच्या केंद्रातून येणाऱ्या जादा विजेपेक्षा जास्त कामाची असते. ती विजेची गरजच कमी करते, वाहिनीवर नवा भार टाकत नाही.

चिरगावसारख्या ठिकाणी हे प्रत्यक्षात येण्यासाठी लागणारी साधने नवी राहिलेली नाहीत. दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारे स्मार्ट मीटर, दुरून चालू-बंद होणारे मोबाइल स्टार्टर आणि गावठाणापासून वेगळे केलेले कृषी फीडर देशात ठिकठिकाणी वापरात आहेत. त्यांच्या जोडीला तीन नियम हवेत: शेकडो पंपांची मोट बांधून बाजारात उतरणाऱ्या संस्थेला मान्यता, शेतकऱ्याला कोणत्याही दिवशी नकार देण्याचा हक्क आणि मोबदला थेट त्याच्या खात्यात. एवढे झाले, तर पंधरा मिनिटांच्या बाजारात पंपमालकालाही विक्रेता म्हणून उतरता येईल.