दारावरची पाटी आणि हरवलेला अनुस्वार

लग्नात आलेली स्टीलची भांडी आठवा. डब्यावर, परातीवर, तांब्यावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. आमच्या नाशिकच्या भांडीबाजारात भांडं घेतलं की दुकानदार हमखास विचारतो, "ताई, नाव काय घालायचं?" मग ते टोचणारं छोटं यंत्र टर्रर्र करत चालतं आणि आपलं नाव उमटतं. त्यात एखादी वेलांटी चुकली तरी आपण म्हणतो, चालायचंच! ते भांडं स्वयंपाकघरातच तर राहणार.

दारावरच्या पाटीचं मात्र तसं नाही बरं का. ती येणाराजाणारा प्रत्येक जण वाचतो. अशा पाट्या धातूच्या पत्र्यातून कापण्याचा उद्योग गेली दोन वर्षं आमच्याच घरात चालला आहे. त्यात जे शिकायला मिळालं, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात कशी झाली

माझे धाकटे दीर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचं काम करायचे. महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठीत, देवनागरी लिपीत पाटी लावणं बंधनकारक झालं. शिवाय मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असंही ठरलं. पुढे २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता सगळ्यांनाच पाट्या लागणार." त्यांनी कर्ज काढलं आणि पत्रा कापायचं संगणकावर चालणारं टेबल घेतलं. त्याला सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणतात.

नाव ऐकून घाबरू नका. मोहरीच्या दाण्याएवढ्या छिद्रातून दाबाखालची हवा सोडतात आणि तिच्यातून वीज नेतात. त्या हवेची इतकी तापलेली धार होते, की तिचं तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं. लोखंड त्या जागी वितळतं आणि हवेच्या झोताने खाली उडून जातं. ही धार धरणारी तोटी टेबलावर उभीआडवी फिरते. कुठे फिरायचं ते संगणकातलं चित्र सांगतं. भरतकामाच्या यंत्राला नक्षी दिली की सुई आपोआप फिरते ना, तसंच! ज्यातून वीज वाहते असा कुठलाही धातू याने कापता येतो. लाकूड किंवा काच मात्र नाही.

अनुस्वार कुठे गेला?

पहिल्याच महिन्यात एका दाताच्या डॉक्टरांची पाटी होती. पाटी कापली, घासली, रंगवली आणि दवाखान्यात नेऊन लावली. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, "अहो, हे 'दत चिकित्सालय' काय आहे?"

घरात एकच गोंधळ! चित्रात तर अनुस्वार होता. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, म्हणून चूक शोधायला मलाच बसवलं. चूक मला सापडली नाही, माझ्या जावेला सापडली. तिने टेबलाखालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात घातला आणि वाटाण्याएवढी लोखंडी टिकली वर काढली. "ताई, हा बघा अनुस्वार!"

यंत्राने अनुस्वार अगदी चोख कापला होता. पण तो कशालाच जोडलेला नव्हता, म्हणून पट्ट्यांमधून खाली पडला होता. ती पाटी आम्हाला पुन्हा फुकट करून द्यावी लागली.

त्या दिवसापासून चित्र काढण्याचं काम जावेने हातात घेतलं. आपल्या लिपीचा नव्याने अभ्यास सुरू झाला, म्हणा ना! देवनागरीला शिरोरेघ आहे हे केवढं मोठं भाग्य! इंग्रजी शब्दाची अक्षरं सुटी होतात, एकेक करून भिंतीवर बसवावी लागतात. आपला शब्द मात्र शिरोरेघेला लटकून एकसंध निघतो. सुटतं ते काय? अनुस्वार, विसर्ग, ॐ वरची चंद्रकोर आणि बिंदू, 'सौ.' आणि 'डॉ.' पुढचं टिंब. त्यांना बारीकसा देठ काढून शिरोरेघेला किंवा शेजारच्या अक्षराला जोडावं लागतं. आकड्यांना तर शिरोरेघच नसते. म्हणून घरक्रमांकाखाली एक आडवी पट्टी ठेवायची.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. यात पत्रा तसाच ठेवून त्यातून अक्षरं कापून काढतात, मागे दिवा लावला की नाव उजळतं. इथे अनुस्वार सुखरूप राहतो, त्याचं गोल भोक पडतं. पण व, ब, प यांच्या पोटातला तुकडा निसटून पडतो. आपल्या पोटफोड्या 'ष'चं पोट तर दोन्हीकडून जातं! मग त्या तुकड्यांना धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात.

आणखी एक गोम आहे. संगणकात प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते, एकमेकींवर नुसती चढलेली असते. पडद्यावर ती अखंड दिसते. पण सगळी अक्षरं एकत्र जोडून एकच आकृती केली नाही, तर यंत्र प्रत्येक सांध्यावर कापतं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. हे जोडकाम फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्येही करता येतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेची मुक्त, बालू ही अक्षरवळणंही विनामूल्य आहेत.

मराठी 'ल' आणि 'श'कडेही लक्ष हवं. पुष्कळदा संगणक हिंदी वळणाचे देतो. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही आपली वळणं. शासनाने २००९ साली वर्णमाला ठरवताना तीच मान्य केली आहेत.

घरात काय असावं, काय नसावं

सुरुवातीला टेबल सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात होतं. आता ते गाळ्यात नेलं आहे, आणि तेच योग्य झालं. कारणं ऐका.

या यंत्राला आणि हवेच्या कॉम्प्रेसरला वीज भरपूर लागते. घरच्या साध्या वायरिंगवर ते जोडू नये. महावितरणकडून वाढीव भार मंजूर करून घ्यावा.

जस्त चढवलेला पत्रा कापला की पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. कारागीर त्यावर गूळ-दूध घेतात. पण त्याने धूर फुफ्फुसात जायचा काही थांबत नाही. धूर ओढून घेणारा पंखा हवा, तोंडाला योग्य मास्क हवा.

कापतानाचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहू नये, मुलांना खिडकीतूनही पाहू देऊ नये. नायलॉनची साडी, मोकळा पदर, हातात बांगड्या असताना जवळ जाऊ नये. आणि महत्त्वाचं म्हणजे, घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या माणसाला यंत्राजवळ फिरकू देऊ नये. आमच्या सासूबाईंना पेसमेकर आहे. गाळा घेण्याचं खरं कारण तेच.

पाटी करून घेताना

दोन फूट बाय एक फुटाचा, दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा जेमतेम तीन किलो भरतो. म्हणजे पैसे लोखंडाचे कमी आणि चित्र, वीज, घासकाम, रंग यांचे जास्त. भाव करताना हे लक्षात ठेवा.

धार सुमारे दीड मिलिमीटर धातू खाते, म्हणून बारीक नक्षी आणि छोटी अक्षरं मागू नका. आम्ही दोन इंचांहून लहान अक्षर घेत नाही. कडा हात फिरवून पाहा, बोचता कामा नये. रंगाच्या आधी प्रायमर दिला आहे का, ते विचारा; नाही तर आपल्या पावसात पहिल्याच श्रावणात गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतील. पाटी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पितळेला लावतो ती चिंच लोखंडाला कधीही लावू नका. आणि कापण्याआधी मजकूर कागदावर छापून घ्या, मोठ्याने वाचा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

आणि नाव कुणाचं?

जाऊ रोज चार-पाच तास चित्रं काढते. तरी वर्षभर पाहुण्यांपुढे घरात एकच शब्द असायचा, "ती मदत करते." बिलावर नाव भाऊजींचं, कर्जही त्यांच्याच नावावर. 'उद्यम' नोंदणीची वेळ आली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्या टिकल्या जोडल्याशिवाय एक तरी पाटी गाळ्याबाहेर जाते का?" भाऊजी बराच वेळ गप्प बसले. मग अर्जावर तिचं नाव लिहिलं. हप्ता दोघं मिळून भरतात. अजून तीन वर्षं बाकी आहेत. धंदा महिन्याला सारखा नसतो, हेही सांगून ठेवते.

तिने एक गोष्ट टिपून ठेवली आहे. घराच्या पाटीची मागणी येते, तेव्हा बहुतेक वेळा एकट्या घरधन्याचंच नाव येतं. ती फोनवर सहज विचारते, "वहिनींचं नाव घालायचं का?" कुणी हसतं, कुणी "विचारून सांगतो" म्हणतं. बरेच जण मग दोन नावं पाठवतात.

आमच्या स्वतःच्या दारावर मात्र अजून कैलासवासी मामंजींची जुनी पाटी आहे. नव्या पाटीचं चित्र संगणकात तयार आहे, त्यात आम्हा दोघी जावांची आणि सासूबाईंचीही नावं आहेत. सासूबाईंनी चित्र पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "यांची पाटी काढायची नाही. आमची खाली लावा." तशी जागा सोडून जावेने चित्र पुन्हा काढायला घेतलं आहे. सासूबाईंच्या नावात अनुस्वार आहे. त्याचा देठ ती जरा जाडच ठेवणार आहे.